पॉज दाबणारी पिढी

आमच्या पिढीच्या घरात एक आवाज टेप करायचा तर आधी दहा आवाज बंद करावे लागत. पंखा बंद, नळ बंद, कुकर खाली उतरवलेला. पाळण्याची कडी करकरते म्हणून बाळ आजीच्या मांडीवर. दाराबाहेर एखादं पोर पहाऱ्याला, येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून दाखवायला. मग आत्या पेटीवर सूर धरायची, काका प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबायचे, मानेनं खूण करायचे, आणि पहिल्या अंतऱ्याला खाली रद्दीवाला हाक द्यायचा.

गिरगावच्या चाळीत, पुण्याच्या वाड्यात किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ऐंशीच्या दशकात वाढलेल्या कोणालाही एवढं सांगून बघा. पुढचं तो स्वतःच सांगेल. फिलिप्सनं कॅसेट बाजारात आणली १९६३ साली, पण आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत ती शिरली बऱ्याच उशिरा, रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या टू-इन-वनच्या पोटातून. त्याआधी स्पूलचे टेपरेकॉर्डर होते, ते शौकिनांकडे. घरगुती मैफिलीला असा माणूस आपला टेपरेकॉर्डर घेऊन आला की यजमान त्याला गायकाच्या पुढ्यातली जागा द्यायचे. टू-इन-वननं ती प्रतिष्ठा घराघरातल्या फडताळापर्यंत आणली. रत्नागिरीकडे आणि गोव्यात हे यंत्र दुबई, मस्कत, कुवेतहून येणाऱ्या माणसाच्या सामानातून उतरायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून यायचं, पुण्यात तपकीर गल्लीतून. घरात आल्याबरोबर त्याच्यावर क्रोशाचं झाकण चढायचं आणि 'मुलांनी हात लावायचा नाही' असा कायदा लागू व्हायचा.

त्या यंत्राची एक खोड होती. आवाज किती घ्यायचा हे तेच ठरवायचं. पातळी आपोआप सांभाळण्याची सोय त्यात बसवलेली असे, आणि ती बंद करायला बटण नसे. गाणारा श्वासाला थांबला की यंत्र कान टवकारायचं: दोन ओळींच्या मधल्या जागेत घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरची एसटी, शेजारच्यांचा वाद, सगळं हळूहळू वर यायचं. तबल्यावर जोरकस थाप पडली की उलट व्हायचं. यंत्र दचकून सगळाच आवाज खाली ओढायचं आणि थापेबरोबर गाणाराही दबायचा. जुन्या घरगुती कॅसेटवर समेला गायक दोन पावलं मागे गेल्यासारखा वाटतो तो यामुळे. त्यात गायकाचा काही दोष नाही.

दुसरी खोड सेलची. विजेवर लावलं की बारीक घरघर यायची, म्हणून महत्त्वाचं काही असलं की सेल घालायचे. सेल उतरत आले की मोटर मंदावायची, पण ते गाण्याच्या भरात कोणाच्या लक्षात येत नसे. मंद मोटरवर भरलेली फीत पुढे वीज जोडून नीट वेगानं वाजवली की सूर वर सरकायचा. काळी एकचे आजोबा मग पांढरी दोनमध्ये गायचे, जरा घाईत, आणि वयानंही थोडे लहान झालेले.

पण या दोन्ही खोडींपेक्षा आमच्या अंगठ्याची खोड मोठी होती. तो सतत पॉजवर असायचा.

ती सवय लावली रेडिओनं. विविध भारती १९५७ पासून सुरू होती, मुंबई केंद्रावर 'भावसरगम' लागायचं, आणि आवडतं गाणं टेप करायचं तर निवेदकाचा आवाज संपून पहिलं वाद्य सुरू होईपर्यंतच्या फटीत पॉज सोडावा लागे. गाणं संपल्यावर निवेदक बोलायच्या आत पुन्हा दाबावा लागे. निवेदक शिरला की 'कॅसेट खराब झाली'. कोरी कॅसेट महिन्याच्या हिशेबात बसवून आणलेली. साठ मिनिटांची की नव्वदची यावरही चर्चा, कारण नव्वदच्या कॅसेटची फीत पातळ असते, गुंतते, हे सगळ्यांना पाठ. अशा फितीवर गाण्याखेरीज काही चढू देणं म्हणजे उधळपट्टी.

रेडिओवर तयार झालेला हा अंगठा आम्ही जसाच्या तसा घरच्या गाण्याला लावला. आत्याचं पद संपलं की 'वा!' निघायच्या आत पॉज. 'ही चाल मला आमच्या शाळेतल्या बाईंनी दिली, त्याचं काय झालं...' असं म्हणून ती बोलायला लागली की काकांचा अंगठा गेलाच. आज त्या फिती ऐकल्या तर नाट्यगीतं आहेत, भावगीतं आहेत, गणपतीतल्या आरत्या आहेत. आणि प्रत्येक दोन गाण्यांच्या मध्ये एक खटका आहे. शाळेतल्या त्या बाई कोण, हे त्या खटक्यात गेलं.

काय टेप करण्याजोगं आणि काय नाही, याचा एक अलिखित नियमही घरात होता. पेटी, तबला, ताल, शब्द असं सगळं असेल ते गाणं. आजीच्या ओव्या त्यात बसत नव्हत्या. जातं केव्हाच माळ्यावर गेलेलं, दळण गिरणीतून यायचं, आणि ओवी म्हणजे आजी भाजी निवडताना स्वतःशी गुणगुणते ते. तिच्यासाठी कोणी कॅसेट काढली नाही. इकडे आम्ही एकेका मिनिटाची काटकसर करत होतो, त्याच सुमाराला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे अभ्यासक महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि त्यात गाणारीचं नाव आणि गाव यांना ओवीइतकीच किंमत दिली गेली. आमच्या कॅसेटच्या वेष्टनावर मात्र 'मिक्स गाणी, साइड बी अर्धी रिकामी' असं लिहिलेलं.

बोलणं टेप करायची पद्धत एकाच जागी होती: कॅसेटवरची पत्रं. घरातलं कोणी आखातात किंवा अमेरिकेत असलं की वर्षातून एकदा सगळे टू-इन-वनपुढे रांगेनं बसायचे. 'आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत' हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडून, पाठ केल्यासारखं. लहानांनी पाढे म्हणायचे. आजोबा माईकला नमस्कार करून सुरुवात करायचे. तिकडून उत्तर यायचं ते बहुधा त्याच कॅसेटवर, आधीचं पुसून. ही पत्रं कोणाकडे राहिली असतील तर ती काटकसर न जमल्यामुळे.

हे सगळं आज आठवायचं कारण, आमच्याच घरांत आता ऑडिओ इंटरफेस येऊ लागले आहेत. पुतणी पॉडकास्ट करते, भाचा गिटार वाजवतो, निवृत्त झालेले मेहुणे पुन्हा भजनं म्हणू लागले आहेत. डब्याएवढं यंत्र, पुढे माईकची जागा आणि दोन-तीन खुंट्या, मागे संगणकाला जाणारी यूएसबी वायर. फोकसराइटची लाल पेटी आहे, बेहरिंगरची आहे, एम-ऑडिओची आहे. पाच ते पंधरा हजारांच्या दरम्यान सुरुवातीचं चांगलं मॉडेल मिळतं. कोणतं घ्यावं म्हणून मुलं विचारतात तेव्हा आपण 'आम्हाला त्यातलं काय कळतंय' म्हणून बाजूला सरू नये. या बाबतीत आपले कान तयार आहेत.

खरखर ओळखण्यात आपला हात कोण धरणार? दुकानात माईक जोडा, हेडफोन लावा आणि गेनची, म्हणजे माईकचा आवाज वाढवायची, खुंटी पूर्ण उघडा. शांततेत जी सरसर ऐकू येते ती यंत्राची. घरी गाण्यासाठी साधा डायनॅमिक माईक चांगला, कारण तो जवळचंच ऐकतो. पण हळू आवाजाच्या माणसाला त्यावर ५५-६० डेसिबलपर्यंत गेन लागतो, आणि स्वस्तातल्या काही पेट्या तिथे धापा टाकतात. कंडेन्सर माईकला एवढा गेन लागत नाही, त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. हा ४८चा आकडा नॉर्वेतून आला: १९६६मध्ये न्यूमन या माईकच्या कंपनीनं तिथल्या रेडिओसाठी माईक दिले तेव्हा स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. आज ४८ व्होल्टचं बटण जवळपास प्रत्येक पेटीवर असतं, म्हणून लोक हौसेनं कंडेन्सर घेतात. तो मग पंखा, नळ, रद्दीवाला यांच्यासकट सगळं इमानानं टिपतो.

जाहिरातीतल्या २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झला किती भुलायचं? आपल्या कॅसेटवर सूर आणि सरसर यांच्यात जेमतेम पन्नास-साठ डेसिबलचं अंतर असायचं. आज सोळा बिटांतच ते शहाण्णवपर्यंत जातं. दिवसा खिडकी उघडी असलेल्या खोलीचा आवाज यंत्राच्या आवाजाच्या कितीतरी वर असतो. दोन पेट्यांच्या माहितीपत्रकांतला फरक खिडकी लावल्यानं पडणाऱ्या फरकापेक्षा कमी आहे. चोवीस बिटांचा खरा उपयोग वेगळाच: पातळी निवांत खाली ठेवता येते, सर्वांत मोठा सूरही कमाल रेषेच्या बाराएक डेसिबल खाली, आणि आवाज नंतर वाढवला तरी खरखर वर येत नाही. टू-इन-वन जे दचकत दचकत स्वतः करायचं, ते आता आपण एकदा खुंटी लावून शांतपणे करायचं.

उशीर मात्र नीट तपासावा. संगणकात जाऊन परत हेडफोनमध्ये येईपर्यंत आवाजाला वेळ लागतो. आवाजाचा तात्पुरता साठा, म्हणजे बफर, १०२४ नमुन्यांचा ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला जाण्यातच एकवीस मिलिसेकंद, येण्याजाण्याचे मिळून चाळीसच्या वर. तेवढ्या वेळात हवेतला आवाज चौदाएक मीटर जातो. म्हणजे आपणच वाजवलेली पेटी शेजारच्या इमारतीतून ऐकल्यासारखं. बफर १२८वर आणता येतो, किंवा डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर माईकचा आवाज संगणकात न शिरता थेट कानात येतो. असं बटण नसलेली पेटी गाणाऱ्या माणसासाठी घेऊ नये. गाणाऱ्यानं हेडफोन एकाच कानावर ठेवला तर ठेवू द्यावा. दुसऱ्या कानानं तो स्वतःचा सूर ऐकत असतो.

घरघर अजून आहेच. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असला किंवा घराचं अर्थिंग कच्चं असलं की पन्नास हर्ट्झचा तो ओळखीचा सूर पुन्हा भेटतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. सेल घालण्याची आपली जुनी युक्ती हीच होती. फक्त आता मोटर मंदावत नाही.

आणि दोन इनपुटांची पेटी घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. एकावर गळा, दुसऱ्यावर हार्मोनियम किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची वायर. शिवाय माळ्यावरच्या कॅसेटही तिच्यातूनच उतरवता येतात: टेपच्या हेडफोनच्या भोकातून लाइन इनपुटात, 'इन्स्ट्रुमेंट'चं बटण बंद ठेवून. शक्यतो ज्या यंत्रावर भरली त्यावरच वाजवा, हेडचा कोन जुळतो आणि आवाज बोदा होत नाही. सरकलेला सूर जागेवर आणायला त्याच फितीतली हार्मोनियम कामी येते. घरात ती हार्मोनियम अजून असेल तर तिची काळी एक वाजवा आणि फितीचा वेग तिला मिळेपर्यंत कमी करा. आजोबांना त्यांचं वय परत मिळतं.

एवढं सगळं तपासून झालं की मुलांना आपण एकच गोष्ट सांगायची राहते, आणि ती माहितीपत्रकात नाही. एका माईकचं चोवीस बिटांतलं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण अर्धा जीबी जागा खातं. म्हणजे फीत संपण्याची धास्ती गेली. काटकसरीचं कारणच उरलं नाही. तरीही नव्या पिढीचा हात गाणं संपताच स्टॉपकडे जातो. 'सुरुवातीचं बोलणं कापून टाकते' असं पुतणी सहज म्हणते. ही सवय तिला आमच्याकडून मिळाली की मोबाइलवरच्या मिनिटभराच्या व्हिडिओंकडून, कोण जाणे. पण कापायचं ते नंतर, प्रतीतून. मूळ फाइल अख्खी ठेवायची, नाव, गाव, तारीख लिहून.

मेहुणे पेटी उघडतील, भात्यातून हवा निघेल, ते घसा खाकरतील, 'हे भजन आमच्याकडे कसं आलं माहीत आहे का' म्हणतील. तेव्हा रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे. ते म्हणतील, 'अगं, बंद कर, मी अजून गायला लागलो नाही.' त्यांचं ऐकायचं नाही. चहा येईल, कोणीतरी साखर जास्त झाल्याची तक्रार करील, ताई मध्येच दुसरी चाल सुचवील आणि दोघांचा वाद होईल. तो तर अजिबात सोडायचा नाही. कप उचलून झाले, पेटीचं झाकण लागलं, की मग स्टॉप.