सावुबोना

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी दक्षिण आफ्रिकेचा प्रवास ठरविला, तेव्हा आप्तांचा पहिला प्रश्न सिंहाविषयी नव्हता, जेवणाविषयी होता. दशम्या, चटण्या आणि सुका मेवा यांनी तो सुटला. ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा. सूर्यास्त लवकर होतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे भोजनही सहज साधले.

दरबानहून उत्तरेस ह्लुह्लुवे सुमारे 280 किलोमीटर. वाटेत कितीतरी वेळ उसाचे मळे सोबत करतात. याच उसासाठी 1860 पासून आपल्या देशातील मजूर करारावर जहाजांनी येथे आणले गेले.

झुलू वस्तीला ‘उमुझी’ म्हणतात. मध्यभागी गुरांचे गोल आवार, भोवती घरे. आम्ही पाहिलेल्या वस्तीतील बहुतेक घरे सिमेंटची, पत्र्याच्या छपराची होती. गवताची गोल झोपडी एकच, पूर्वजांसाठी राखलेली. तिचे दार इतके ठेंगणे, की वाकल्यावाचून प्रवेश नाही. आतली जमीन शेणाने सारवलेली. तो वास येताच पत्नीला माहेरचे माजघर आठवले. पुरुषांनी उजवीकडे, स्त्रियांनी डावीकडे बसावयाचे. मागील भाग पूर्वजांचा.

घरातील वृद्धेला सारे ‘गोगो’ म्हणत, म्हणजे आजी. त्यांनी ‘सावुबोना’ म्हणून स्वागत केले. शब्दशः अर्थ, आम्ही तुला पाहत आहोत. नमस्काराचा असा अर्थ मी प्रथमच ऐकला.

चौतीस वर्षे कर्जखाती तपासलेल्या माणसाला गोठ्यातच अधिक रस वाटावा, हे ओघानेच आले. वधूच्या घरी द्यावयाच्या ‘लोबोलो’च्या रूढ हिशेबात अकरा गायी: दहा पित्याच्या आणि एक खास वधूच्या आईची. आता पुष्कळदा रोख रक्कम दिली जाते, तरी बोलणी गायींच्याच भाषेत होतात. गुरांच्या रंगांना नावे किती सुंदर! एका ठिपकेदार गायीच्या रंगाला चंडोलाच्या अंड्यांचे नाव आहे. मात्र पूर्वजांच्या विधींत याच गुरांचा बळी दिला जातो, हेही मार्गदर्शकाने सांगितले. ते मनाला खुपले, आणि अजून खुपते. पण प्रत्येक गाय नावाने ओळखणाऱ्या त्या आजींसमोर मला उपदेशाचा एकही शब्द सुचला नाही.

आजींनी ‘अमासी’ पुढे केले. हे घट्ट, आंबट दही दिवसेंदिवस मुरविलेले असते; आमच्या नियमात ते बसत नव्हते. पत्नीने हात जोडून नकार दिला. मार्गदर्शकाने कारण समजावले, तेव्हा आजी मनमोकळ्या हसल्या. पूर्वी अमासी परक्याला देतच नसत. नवी सूनसुद्धा सासरी विधी होईपर्यंत ते खात नसे. “मग ही आज आमची नवी सून,” असे त्या म्हणाल्या आणि पत्नीचा हात बराच वेळ धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात गेलो. कधीकाळी झुलू राजांचे शिकारक्षेत्र असलेले हे जंगल 1895 मध्ये संरक्षित झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडील पांढरे गेंडे जवळजवळ नामशेष झाले होते. उरलेसुरले याच परिसरात तगले. 1960 च्या दशकात इयन प्लेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथून गेंडे अन्यत्र पाठवून त्यांचा वंश पुन्हा वाढविला. हत्ती, जिराफ, झेब्रे दिसले. सिंहाने दर्शन दिले नाही. त्याची मला फारशी खंतही वाटली नाही.

मग पाणवठ्यापाशी गेंड्याची मादी दिसली. नाकावर शिंग नव्हते, सपाट खुंट होता. 2023 मध्ये देशात 499 गेंडे शिकाऱ्यांनी मारले, त्यांपैकी 307 या एका अभयारण्यात. म्हणून 2024 पासून येथील गेंड्यांना गुंगी देऊन शिंगे कापतात. शिंग आपल्या नखांच्याच द्रव्याचे असते. कापताना वेदना होत नाही, पण ते पुन्हा वाढते, म्हणून दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावे लागते. ज्यासाठी जीव घेतला जातो, तेच काढून घेऊन जीव राखावयाचा.

पांढऱ्या गेंड्यांत पिल्लू पुढे चालते आणि आई मागे. हे पिल्लूही तसेच पुढे होते. त्याच्या नाकावर बोटभर शिंग फुटले होते. “याचेही कापणार?” पत्नीने विचारले. मार्गदर्शकाने मान हलविली. पिल्लू आमच्या गाडीकडे तोंड करून क्षणभर थांबले, आणि आईने मागून हलकेच ढकलताच झुडपांत शिरले.