वैखरीची नस

‘क्’ आणि ‘ग्’ यांतील भेद शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना गळ्यावर बोट ठेवायला सांगतो. घोष वर्णाला तिथे कंप जाणवतो, अघोषाला नाही. हा कंप स्वरतंतूंचा. वाळूजच्या कारखान्यांत पाळी करून येणाऱ्या मुलांनाही हे चटकन उमगते. मात्र या कंपामागे एक नस आहे, याचा विचार आम्ही केला तो आमच्या एका सहकारी बाईंचा आवाज गेल्यावर. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा डावा स्वरतंतू हलेनासा झाला. उरली केवळ कुजबुज. पाणी पितानाही ठसका लागे.

ही नस मोठी आडवळणी. तिचे धागे मेंदूपासून निघून, स्वरयंत्र ओलांडून थेट छातीत उतरतात, डावीकडे महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतात आणि थायरॉईड ग्रंथीला लगटून पुन्हा वर येतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने किंचाळणाऱ्या डुकराची हीच नस निकामी करून त्याला मुके करून दाखवले होते.

दुर्बिणीतून निश्चल स्वरतंतू दिसतो, त्याचे कारण दिसतेच असे नाही. नस तुटली, नुसती दुखावली, की तिथला सांधाच अडकला? त्यासाठी स्वरयंत्राची ईएमजी करतात. गळ्याच्या त्वचेतून बारीक सुई स्नायूत सरकवतात, रुग्णाला ‘ई’ म्हणायला लावतात आणि विद्युतसंकेत पडद्यावर पाहतात. सांधा अडकला असेल तर संकेत जवळपास नेहमीसारखे येतात. नसेशी संबंध तुटलेला स्नायू विश्रांतीतही आपोआप बारीक संकेत सोडत राहतो. नस पुन्हा जुळू लागली असेल तर अनेक टोकांच्या वेड्यावाकड्या लाटा उमटतात. इजेनंतर साधारण एक ते सहा महिने हा या चाचणीचा उपयुक्त काळ.

बाईंची चाचणी तिसऱ्या महिन्यात पुण्यात झाली. तुरळक का होईना, अशा लाटा दिसल्या. डॉक्टरांनी हमी दिली नाही. ही चाचणी वाईट भाकीत जितक्या खात्रीने करते तितके चांगले करीत नाही. पण कायमच्या शस्त्रक्रियेची घाई टळली.

परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चार वाणींपैकी बाईंची फक्त चौथी गेली होती. पण अध्यापकाचे पोट चौथीवरच चालते. बाई तासिका तत्त्वावर शिकवतात. तास नाही तर मानधन नाही. त्या अहवालावर बोट ठेवून आम्ही त्यांचे तास पुढील सत्रासाठी राखून ठेवण्याची विनंती प्राचार्यांना केली आणि ती मान्य झाली.

आता त्या माइक लावून आठवड्याला चार तास घेतात. आवाज अजून खरखरीत आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय वर्ष पुरे झाल्यावर व्हायचा आहे.