धृपद आले की दम घ्यावा

दमेकऱ्याला घरचे पहिला शब्द सांगतात तो ‘बस’. प्रेमानेच सांगतात. मग तो देवळात जात नाही, वरातीत जात नाही. पाय कमजोर होतात, कमजोर पायांना तेवढ्याच चालीसाठी जास्त हवा लागते, आणि धाप पूर्वीपेक्षा लवकर लागते.

यवतमाळ जिल्ह्यात धापेला निमित्तांची कमी नाही. वणीकडे कोळशाची धूळ, जिनिंगमध्ये रुईची. या रुईच्या धुळीचे दुखणे मोठे विचित्र: सुट्टी संपवून कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. आणि खेड्यांतल्या बायका! बिडीला कधी हात लावला नाही, पण कपाशीच्या पऱ्हाट्या जाळणाऱ्या चुलीच्या धुरात जन्म गेला.

सहा-आठ आठवडे बेताबेताने व्यायाम केला तर फुप्फुस नवे होत नाही, तरी माणूस जास्त चालतो आणि कमी धापतो. अडचण एवढीच की व्यायाम म्हटले की लोक टाळतात. लंडनमध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेराने 2020 साली करोनानंतर धाप राहिलेल्यांना अंगाईगीतांतून श्वास शिकवायला घेतला. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांना नाचते केले. आजार निराळा, पण व्यायामाला न येणारा माणूस नाचाला येतो, हे तिथेही दिसले.

आपल्याकडे खंजिरी भजन आहेच. जुन्या धुराने बिघडलेल्या फुप्फुसात हवा अडकून बसते. ती बाहेर सोडणेच जड जाते. म्हणून डॉक्टर ओठांचा चंबू करून सावकाश फुंकर घालायला शिकवतात. भजनाचा लांब चरण म्हणताना श्वास तसाच सावकाश सुटतो. पुढे मंडळी धृपद उचलतात, तेवढ्यात धाप लागलेल्याला दम घेता येतो, आणि हा गप्प आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यावर होळीत लेंगी गाण्यांवर फेर धरतात, तिथेही थकलेला बाजूला होतो, पुन्हा येऊन मिळतो. मला या कलांची ही सोय फार मोलाची वाटते. दवाखान्यात थांबलेला माणूस रुग्ण दिसतो, फेरात थांबलेला नुसता थांबलेला असतो.

अर्थात ऐन झटक्यात नाच नको, आणि औषधाचा फवारा खिशात हवाच. खरी भीती ढोलकीवाल्याची. रंग चढला की त्याला लय वाढवल्याशिवाय राहवत नाही. म्हणून यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून कुणी भजनी मंडळाकडे गेलेच, तर त्याने आधी ढोलकीवाल्याला गाठावे. म्हातारीला नाचायची लाज वाटली तर तिने खुर्चीत बसून खंजिरी धरावी.