अनवाणी घोडी

कॅलिफोर्नियातल्या माझ्या नातीने तिच्या लंगडणाऱ्या घोडीचे चारही नाल काढून टाकलेत, मंडळी! ऐकून मी वाचायलाच बसले. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीक झेनोफनने लिहून ठेवलेय, खूर कणखर व्हायला घोडा गोट्यांवर उभा करावा. खूर म्हणजे नखच. महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर वाढणार. वरून फुटलेला निरोगी खूर जमिनीला टेकेपर्यंत वर्ष सरते. तोवर दर काही आठवड्यांनी कानस, खडीवर रबरी बूट, रोज थोडे चालणे.

घोडी अजून दगडावर बिचकते. नात विचारते, "आजी, मी हिला उगाच छळतेय का गं?"

बाळा, लंगडणे वाढले तर डॉक्टरांना दाखव, नाल पुन्हा ठोक. त्यात कमीपणा नाही. पण पाऊल सुधारत असेल, तर तिला तिचे वर्ष दे. शाळेत ढ म्हणवलेल्या पोरांनाही मी तेवढेच दिले होते.