जागल

धान लोंबीवर आले, की आमच्या सिहोऱ्याकडचा शेतकरी रात्री घरी झोपत नाही. अंगावर घोंगडे, हातात टॉर्च आणि बांधीच्या धुऱ्यावर शेकोटी. रानडुकरांचा कळप कोणत्या बाजूने शिरेल याचा नेम नसतो. याला आमच्याकडे 'जागल' म्हणतात. जागलीचे एक बरे नाही. ती साठवून ठेवता येत नाही. काल रात्रभर जागलो, सबब आज झोपलो तरी चालेल, हा हिशेब रानडुकरांना मान्य नसतो!

घरच्या संगणकावर लिहायला बसलो आणि जागल आठवली, याचे वाचकांना हसू येईल. पण व्हायरसपासून संगणक राखणे हे कामही असेच रोजचे आहे. अँटिव्हायरस म्हणजे संगणकाभोवतीची भिंत, अशी पुष्कळांची समजूत असते. भिंत एकदा बांधली की काम झाले. वास्तविक तो पहारेकरी आहे आणि त्याच्या बगलेत एक नोंदवही आहे. आजवर सापडलेल्या व्हायरसांच्या खुणा तीत लिहिलेल्या असतात. नवी फाइल दाराशी आली, की तो वही उघडून खुणा ताडून पाहतो. वहीत असलेल्याला अडवतो. नसलेल्याला बहुधा 'या, बसा' म्हणतो. अलीकडचे पहारेकरी चालचलणुकीवरूनही संशय घेतात, पण ताज्या वहीवाचून त्यांचेही निभत नाही. अपडेट म्हणजे या वहीत पडणारी भर. चोर रोज नवा जन्मतो, म्हणून वहीही रोज लिहावी लागते.

चोरांची आणि वहीची ही शर्यत फार जुनी नाही. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरे. गंमत अशी, की त्यात या भावांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! आपल्याकडचा एक नामांकित इलाजही दोघा भावांचाच. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसचाच उपद्रव फार, हे ध्यानात आल्यावर धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहायला घेतला. १९९० च्या दशकात त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले.

आमच्या घरी संगणक आला तो २०१४ साली, ताईच्या अभ्यासासाठी. दुकानदाराने वर्षभराचा अँटिव्हायरस घालून दिला होता. वर्ष सरले आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण उमटू लागली. बाबा म्हणाले, "एकदा पैसे भरले ना गा, मंग आता कायचे?" धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरात हा प्रश्न काही वेडगळ नव्हता. चुकारे आले, पैसे भरले. पण घरी इंटरनेट कुठे होते? तेव्हा वहीची नवी पाने पेनड्राइव्हमध्ये भरून आणायची, अशी तोड निघाली. मामेभाऊ तालुक्याच्या गावी एका दुकानातून ती भरून आणी. मध्ये दीडदोन महिने त्याचे जाणे झाले नाही. नंतर तो गेला, आणि औषध आणायला गेलेल्या त्याच पेनड्राइव्हमधून रोग घरी आला!

डी ड्राइव्हमधले सगळे फोल्डर दिसेनासे झाले. प्रत्येकाच्या जागी त्याच नावाचा एकेक शॉर्टकट. त्यात ताईच्या नोट्स होत्या, सातबाऱ्याची प्रत होती. ते सारे पुन्हा मिळवता आले असते. पण रोवणी करताना बाया म्हणतात ती गाणीही त्यात होती. आजीच्या आवाजात ताईने ती मोबाइलवर भरून घेतली होती आणि त्याच पावसाळ्यात आजी गेली होती. ताई पडद्यासमोर नुसती बसून राहिली. बाबा काही न बोलता अंगणात गेले.

सुदैवाने तो व्हायरस फाइली पुसणारा नव्हता, लपवणारा होता. नवी पाने वहीत चढताच तो ओळखला गेला. मग काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा देऊन लपलेल्या फाइली वर काढता आल्या. आजीचे गाणे घरात ऐकू आले, तेव्हा बाबा अंगणातून आत आले.

सगळेच व्हायरस इतके दयाळू नसतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' पसरला. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फाइलींना त्याने कुलपे घातली आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागितले. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. म्हणजे जवळजवळ दोन महिने औषध उंबरठ्यावर पडून होते. उचलून आत कोणी घ्यायचे, एवढाच प्रश्न होता!

आज विंडोज १० आणि ११ मध्ये पहारेकरी फुकट येतो आणि इंटरनेट असले की वही आपोआप ताजी होते. तरी निर्धास्त राहण्यासारखे नाही. विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत, आणि गावोगावी अशी यंत्रे अजून चालू आहेत.

तेव्हा मित्रहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा घरच्या संगणकासमोर पाच मिनिटे बसा. शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे आहे ते पाहा. बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्यावाचून उघडू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना लाल खुणेचा अर्थ समजावून सांगा. पुस्तकी शब्दांत नको, जागलीच्या शब्दांत सांगा, लगेच कळेल. आणि जे पुन्हा मिळायचे नाही, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ताईचे आता लग्न झाले आहे. आजीच्या गाण्यांची एक प्रत आमच्या घरी आहे, दुसरी तिने सासरी नेली आहे.