बैरागी आणि बंगलेवाला

आधी एक क्लिअर करूया. तुमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर येतो तो हमिंगबर्ड नव्हे. तो शिंजिर, म्हणजे सनबर्ड. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात. माझी त्यांच्याशी ओळख झाली एका डॉक्युमेंटरीचं मराठी स्क्रिप्ट लिहिताना (फ्रीलान्सरला काय काय करावं लागतं, विचारू नका). आणि त्याच आठवड्यात मेलमध्ये एक ऑफर लेटर येऊन पडलं. पगार, पीएफ, मेडिक्लेम, सगळं. त्यामुळे कोस्टा रिकातले हे दोन पक्षी जरा जास्तच ओळखीचे वाटायला लागले.

पहिला रुफस-टेल्ड. वजन जेमतेम ५ ग्रॅम, हिरवा अंगरखा, तांबूस शेपूट, लाल चोच आणि डोकं कायम गरम. बागेत, जंगलाच्या कडेला, जिथे भरपूर फुलांचा ताटवा दिसेल तिथे हा पाटी लावून बसतो: ‘खाजगी मालमत्ता’. दुसरा कुणी फिरकला की धावलाच अंगावर. सोय मोठी, पण निम्मं लक्ष राखण करण्यातच जातं. शिवाय फुलं संपली की जहागीरही संपली.

दुसरा लाँग-बिल्ड हर्मिट. हर्मिट म्हणजे बैरागी. मातकट रंग, लांब बाकदार चोच, मुक्काम जंगलाच्या सावलीत. त्याच्या आवडत्या हेलिकोनियांना (हो, बुकेमध्ये असतात तीच) एका वेळी मोजकीच फुलं येतात आणि एकेक फूल एकच दिवस टिकतं. तिथे राखण परवडणार कशी? मग हा ठरलेल्या वाटेनं या झाडावरून त्या झाडावर फिरतो. शास्त्रज्ञ याला ‘ट्रॅपलायनिंग’ म्हणतात. फासे लावणारा शिकारी ओळीनं ते तपासत जातो, त्यावरून. मला मात्र आजोबा आठवले. ते पुण्यात वार लावून शिकले. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी आणखी कुणाकडे. माझं तरी वेगळं काय आहे? सोमवारी अनुवाद, बुधवारी कॉलम, महिनाअखेरीस कुणाचं तरी ब्रोशर.

आता बैरागी म्हणजे स्वच्छंदी, मनात येईल तेव्हा उठणारा, असं वाटत असेल तर विसरा. फ्रँक गिल या पक्षितज्ज्ञानं कोस्टा रिकातल्या हर्मिट्सचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध केला. फुलावर दुसरा कुणी डल्ला मारायला लागला की हर्मिट त्याच्याशी भांडत बसत नाही. स्वतःच्या फेऱ्या वाढवतो. दुसऱ्याच्या आधी पोहोचायचं, बस्स. क्लायंटला ‘फक्त सहज फोन केला’ म्हणणाऱ्या प्रत्येक फ्रीलान्सरला हे कळेल.

आणि गंमत म्हणजे हा बैरागी पूर्ण बैरागी नाहीच. विणीच्या हंगामात नर जंगलात एकत्र जमतात, प्रत्येक जण आपापली फांदी धरून तासन्‌तास गातो आणि त्या फांदीसाठी भांडतो. प्रौढ नरांच्या चोचीचं टोक तर खास भोसकण्यालायक अणकुचीदार असतं! म्हणजे फुलांसाठी जागा अडवायची नाही, पण गाण्यासाठी एक फांदी हक्काची हवी.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पक्ष्यांना होम लोन नसतं.” पॉइंट आहे.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. फुलटाइम जमणार नाही, पण दर मंगळवारी आणि गुरुवारी येईन, चालेल का, असं विचारणारा मेल ड्राफ्टमध्ये आहे.