बजाजनगरचे ओले शॉकअप

वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि बीबी-का-मकबरा पाहिला की औरंगाबाद पाहून झाले, असे आपण प्रवासी मंडळी समजतो. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण प्रवाशांची ही यादी काही बदलली नाही. छावणी आणि नगर नाका मागे टाकून वाळूजकडे जाणाऱ्या रस्त्याला हौसेने लागणारा पाहुणा विरळाच. त्या रस्त्याला जातो तो बहुधा नोकरीसाठी, नाहीतर नोकरीत असलेल्या नातेवाइकाकडे. आम्ही गेलो ते दुसऱ्या कारणाने. आमचा भाचा तेथील एका कारखान्यात आहे आणि बजाजनगरात राहतो.

वाटेत पंढरपूर लागते. दचकू नका! चंद्रभागा येथे नाही, पण विठोबा आहे. आषाढी एकादशीला शहरातून माणसांची रीघ पायी या छोट्या पंढरपूरला लागते, आणि एरवी पाळीच्या भोंग्याकडे कान असलेला हा परिसर त्या दिवशी टाळांकडे कान देतो. पंढरपूर, वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी, कमळापूर, रांजणगाव शेणपुंजी ही येथली मूळची गावे. त्यांच्या शिवारांत औद्योगिक वसाहत आली आणि कामगारांच्या घरांचे बजाजनगर उभे राहिले.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सोळा महिन्यांत बांधून झाला आणि १९८५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तोवर बजाज म्हणजे स्कूटर हे समीकरण घरोघरी पाठ होते. १९८६ साली कावासाकीच्या सहकार्याची केबी १०० ही मोटरसायकल आली, १९९८ साली कॅलिबर याच वाळूजमधून बाहेर पडली, आणि हळूहळू मराठी मध्यमवर्गाने स्कूटरवरून मोटरसायकलवर बैठक मारली. भोवताली सुटे भाग करणारे कारखाने वाढले. १९८५ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या ओतकामापासून आरंभ केलेली एंड्युरन्स ही कंपनी त्यांपैकीच एक. मोटरसायकलचे पुढचे फोर्क आणि शॉक ॲब्सॉर्बर बनवणाऱ्यांत आज तिचे नाव मोठे आहे.

तेव्हा फोर्क जेथे जन्माला येतात, त्याच गावात ते म्हातारे कसे होतात हेही पाहायला मिळाले, तर नवल कसले? कारखान्यात ज्याला फोर्क म्हणतात त्याला गल्लीत ‘पुढचा शॉकअप’ म्हणतात. पाळी सुटली की बजाजनगरच्या रस्त्यांवर मोटरसायकलींचा जो लोंढा लोटतो, त्यात नवी कोरी गाडीही असते आणि वीस वर्षे इमानाने राबलेलीही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात यांतल्या पुष्कळशा गाड्या गॅरेजच्या दारी उभ्या दिसतात, कारण बोनस हाती पडला की माणसे गावाकडे निघतात. कोणी बीडला, कोणी परभणीला, कोणी खानदेशात. पुढे टाकीवर मूल, मागे मंडळी, बाजूला फराळाची पिशवी.

आमच्या भाच्याला भाऊबीजेसाठी चाळीसगावला जायचे होते. म्हणजे कन्नडचा औट्रम घाट उतरणे आले. निघायला आठ दिवस असताना शेजाऱ्याने त्याला सांगितले, “तुझा शॉकअप ओला दिसतोय, सील गेले.” दुसरा म्हणाला, “अरे, थोडे तेल असायचेच. चालव बिनधास्त.” भाचा चिंतेत पडला. “मामा, कोणाचे खरे धरू?” आम्ही म्हटले, “दोघांचेही नको. मिस्त्रीकडे जाऊ.”

मिस्त्री साठीच्या घरातले. गाडी पाहून त्यांनी पान्याला हातच लावला नाही. एक स्वच्छ पांढरे फडके काढले आणि म्हणाले, “भाऊ, वल्लं दिसतंय म्हणून गळतंयच असं नसतं. आन् कोरडं दिसतंय म्हणून चांगलंच असतं, असंबी नाही. आधी पुसायचं, मग बोलायचं.”

या दोन वाक्यांचा अर्थ उमगायला फोर्कच्या पोटात डोकावले पाहिजे. तेलाच्या साहाय्याने धक्के जिरवणारा असा फोर्क १९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांना बसवला. आपल्या रोजच्या गाड्यांचे फोर्क त्याच घराण्यातले. चकचकीत क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी पाइप खालच्या जाड नळीत वर-खाली सरकतो. आत स्प्रिंग असते, ती भार झेलते. पण नुसती स्प्रिंग म्हणजे झोपाळा. एकदा हलला की हलतच राहायचा. म्हणून आत तेल असते. ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना अडते आणि झोपाळ्याला आवर बसतो. हे तेल बाहेर पडू नये म्हणून नळीच्या तोंडाशी रबरी ऑइल सील असते. त्याची पातळ ओठासारखी कड पाइपला बिलगून राहते. भोवती केसासारख्या बारीक स्प्रिंगचे कडे तिला घट्ट धरते. त्याच्या वर धूळ अडवणारे दुसरे रबर. कडेला ओलावा राहावा म्हणून पाइपवर तेलाचा अगदी पुसट थर येतच असतो. तो दोष नव्हे.

मिस्त्रींची परीक्षा अशी होती. गाडी धुण्याआधी पाइप पाहायचा, कारण धूळ खोटे बोलत नाही. पाइपवर धुळीचे काळे, चिकट कडे जमले असेल, किंवा खालच्या नळीवर ओघळ असतील, तर संशयाला जागा आहे. काही गाड्यांच्या पाइपवर घड्या घड्यांचे रबरी वेष्टन असते. ते वर सरकवून आत पाहायचे, नाहीतर आत तळे साचलेले आणि बाहेर सारे आलबेल, असा प्रकार होतो.

मग दोन्ही पाइप कोरडे पुसायचे आणि त्यांवरून नख फिरवायचे. कोठे नख अडले, तर तेथे गंजाचा खड्डा किंवा दगडाचा टवका समजावा. हा तपास फार महत्त्वाचा. खडबडीत पाइपवर नवे सील बसवणे म्हणजे करवतीवर रेशीम ओढणे. थोड्या दिवसांत तेही फाटते, आणि माणूस मात्र दुकानदाराने खोटा माल दिला म्हणून बोटे मोडत बसतो. बारीक ओरखडा अगदी मऊ पॉलिश कागदाने घासून निभावतो. खोल खड्डा पडला असेल, तर पाइपच बदलावा लागतो.

यानंतर गाडी सपाट जागी घेऊन तीवर बसायचे, पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि सगळा भार हँडलवर देऊन दहा-बारा वेळा पुढचा भाग दाबायचा. उतरून पुन्हा पाइप पाहायचे. बोटाला जेमतेम जाणवेल अशी झाक असेल तर निश्चिंत असावे. तेलाचे स्पष्ट वर्तुळ उमटले किंवा थेंब जमला, तर तेल बाहेर येते आहे हे नक्की.

“मग सील बदलायचे?” भाच्याने विचारले.

“एवढी घाई नको, भाऊ. आधी कचरा काढून बघू.”

वाळूजच्या धुळीचा आणि पावसाळ्यातल्या काळ्या चिखलाचा येथे संबंध येतो. वाळलेल्या चिखलाचा कण पाइपबरोबर आत ओढला जातो आणि कडेखाली अडकतो. एवढ्याशा फटीतून तेल वाट काढते. सील बिचारे धडधाकट असते. मिस्त्रींनी धुळीचे रबर अलगद वर सरकवले, जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पट्टी कापून तिला टोकाशी बारीक आकडा केला आणि ती कडेखाली घालून पाइपभोवती फिरवली. काळा गाळ निघाला. पुन्हा पुसून ते म्हणाले, “दोन दिवस गावातल्या गावात चालवा. तेल आलं नाही तर पैसे वाचले. आलं तर या. पण तेल ब्रेकवर उतरताना दिसलं, तर चालवत नका येऊ, ढकलत आणा.”

सगळे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. सील गळाल्याचा आपण शोक करतो तो सांडलेल्या तेलासाठी आणि खराब झालेल्या पाइपसाठी. खरा धोका त्या तेलाच्या वाटेत आहे. ते नळीवरून खाली उतरते, आणि गाडीला डिस्क ब्रेक असेल तर चकतीवर अन् पॅडवर जाऊ शकते. तेल प्यालेले पॅड चकती पकडत नाही, घसरते. ते फडक्याने पुसून भागत नाही. चकती स्वच्छ करावी लागते आणि पॅड नवे घालावे लागतात. घाटाच्या वळणावर, पाठीशी बायको आणि पुढे मूल असताना हे कळणे फार उशिराचे.

आता मिस्त्रींचे दुसरे बोल: कोरडा दिसणारा शॉकअपही आजारी असू शकतो. तेल कधीच गळून गेले असेल, तर बाहेर यायला उरणार काय? अशा गाडीचे तोंड ब्रेक लावताच धाडकन खाली जाते, खड्ड्यात खणखण आवाज येतो, आणि उसळलेले पुढचे चाक लवकर शांत होत नाही. अशी लक्षणे असतील, तर पाइपच्या स्वच्छतेवर भुलू नये. उलट नुकतेच सील बदलले असेल, तर बसवताना लावलेल्या तेलाचा अंश एक-दोनदा दिसतो. पुसल्यावर तो परत आला नाही, की विषय संपला.

भाच्याच्या गाडीचा उजवा पाय साफसफाईने बरा झाला. डाव्या पायावर मात्र तिसऱ्या दिवशी वर्तुळ पुन्हा उमटले, आणि डिस्क होती ती त्याच बाजूला. तिच्यापर्यंत तेल पोचले नव्हते, एवढे बरे. पाइप नखाला गुळगुळीत लागत होता, म्हणजे दुखणे सीलचेच. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंची सीले बदलली. भाचा कुरकुरला, “उजवे तर ठीक आहे ना?” ते म्हणाले, “दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, भाऊ. एक थकला, दुसरा किती दिवस तग धरेल?” शिवाय दोन्ही पायांत नवे तेल सारखेच पडले पाहिजे. ते कंपनीच्या पुस्तकात दिले असेल त्याच प्रतीचे आणि तेवढेच हवे, अंदाजाने नव्हे. जास्त भरले, तर आतला दाब वाढून नव्या सीलवरच ताण येतो.

घरोघरी आता अशी एखादी तरी गाडी असतेच. गावी निघण्याच्या आदल्या दिवशी फराळाचे डबे भरून झाले, की दहा मिनिटे आणि एक पांढरे फडके तिच्यासाठी ठेवावे. पुसून, दाबून पाहावे आणि तेलाचे वर्तुळ दिसले तर निघण्याचा बेत एक दिवस पुढे ढकलावा. ओवाळायला थांबलेली बहीण त्या एका दिवसासाठी रागावणार नाही.